हानी मोजायची कशी? फूटपट्टी बदलणाऱ्या वकील

प्रश्न : ‘एरिन ब्रोकोविच’ हा सिनेमा नुकताच पाहिला. त्यातली बाई खरोखर वकील होती का? अपघातात किंवा कंपन्यांच्या हलगर्जीपणामुळे जायबंदी झालेल्यांचे दावे लढवणाऱ्या अमेरिकेतल्या महिला वकिलांनी नेमका काय फरक पाडला? माझी भाची तिकडे कायदा शिकते आणि तिला याच शाखेत जायचं आहे.
— एक वाचक, सांगली

उत्तर : एरिन ब्रोकोविच वकील नव्हत्या. त्या एका वकिलांच्या कार्यालयात मदतनीस होत्या. कॅलिफोर्नियातल्या हिंकली गावच्या पाण्यात क्रोमियम मिसळल्याचं प्रकरण त्यांनी दारोदार फिरून उभं केलं. १९९६ मध्ये वीजकंपनीने ३३ कोटी ३० लाख डॉलर देऊन तडजोड केली. तो लढा मोठाच होता, पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वेगळ्या बायकांकडे आहे.

अमेरिकेत स्त्रीला वकिलीची सनद पहिल्यांदा मिळाली ती आयोवा राज्यात, १८६९ साली, अरबेला मॅन्सफिल्ड यांना. त्याच आयोवाच्या रोक्सान कॉनलिन १९९२ मध्ये जखमींच्या बाजूने लढणाऱ्या वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. मधे सव्वाशे वर्षं गेली. एक अडचण पैशाची : या शाखेत पैसा आधी वकिलालाच घालावा लागतो. पक्षकाराकडून सुरुवातीला फी घेत नाहीत. दावा जिंकला तर भरपाईतला ठरलेला वाटा, बहुधा एक तृतीयांश, वकिलाला मिळतो. हरलं तर तज्ज्ञ साक्षीदारांचा सगळा खर्च अंगावर. (आपल्याकडे बार कौन्सिलचे नियम अशा वाट्याच्या फीला मनाई करतात.)

दार उघडल्यावर या बायकांनी काय केलं? सिलिकॉनच्या स्तनरोपणांमुळे त्रास झाल्याचे दावे हजारोंनी आले, तेव्हा वादींची बाजू सांभाळणाऱ्यांत एलिझाबेथ कॅब्रेझर होत्या. तरी माझ्या मते खरं काम झालं ते हानी मोजण्याच्या पद्धतीवर.

भरपाईचे ढोबळ दोन भाग असतात. बुडालेला पगार आणि औषधोपचार यांची बिलं दाखवता येतात. वेदना, विद्रूपता, गेलेलं मातृत्व यांचं बिल नसतं. कॅलिफोर्नियाने १९७५ मध्ये वैद्यकीय चुकांच्या दाव्यांत या दुसऱ्या भागावर अडीच लाख डॉलरची मर्यादा घातली. कागदावर ती सगळ्यांना सारखी होती. कायद्याच्या प्राध्यापक ल्युसिंडा फिनली यांनी ज्यूरींचे निकाल तपासून २००४ मध्ये दाखवून दिलं, की बायकांच्या भरपाईत हा दुसरा भागच मोठा असतो, त्यामुळे कात्री त्यांच्यावर जास्त चालते. शस्त्रक्रियेतल्या चुकीने गर्भाशय गमावलेल्या बाईचा पगार एका पैशानेही कमी होत नाही, मग तिचं गेलं ते कोणत्या रकान्यात लिहायचं? ही मर्यादा तब्बल ४८ वर्षं तशीच राहिली. २०२३ पासून ती टप्प्याटप्प्याने वाढते आहे.

पगाराचा रकानाही निर्दोष नव्हता. लहान मुलगी जायबंदी झाली तर ती पुढे किती कमावती झाली असती, हे ‘स्त्रियांच्या सरासरी मिळकती’च्या तक्त्यावरून काढत. बायकांना आधीच कमी पगार, म्हणून भरपाईही कमी. कायद्याच्याच प्राध्यापक मार्था चमॅलस यांनी १९९४ पासून या तक्त्यांविरुद्ध सातत्याने लिहिलं. २०१५ मध्ये ब्रुकलिनच्या न्यायालयात शिशामुळे विषबाधा झालेल्या एका लहानग्याचा दावा चालला. मूल हिस्पॅनिक आहे, तेव्हा ते उच्च पदवीपर्यंत पोचण्याची शक्यता कमी, असा मुद्दा घरमालकाच्या बाजूने पुढे आला. न्यायाधीश जॅक वाइनस्टीन यांनी वंशाच्या आधाराची ही आकडेवारी वापरू दिली नाही. २०२० पासून कॅलिफोर्नियात वंश किंवा लिंग पाहून बुडीत मिळकतीची भरपाई कमी करायला कायद्यानेच बंदी आहे.

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. मोटार अपघाताच्या दाव्यात ‘मयत काय करत होती?’ असं विचारलं, की घरचेच सांगतात, ‘काही नाही, घरीच असायची.’ सर्वोच्च न्यायालयाने ५ जानेवारी २०२१ च्या निकालात गृहिणीच्या कामाचं आर्थिक मोल धरलंच पाहिजे, असं सांगितलं. न्या. रमणा यांनी तिथे २०१९ च्या पाहणीचा दाखला दिला : विनामोबदला घरकामात बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७. म्हणजे त्या ‘काही नाही’त रोजचे पाच तास होते.

भाचीला माझा एकच निरोप द्या. पक्षकार पहिल्यांदा समोर बसेल तेव्हा तिचा पगार नंतर विचार. आधी तिला अपघाताआधीचा दिवस सांगू दे, पहाटे उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत, आणि त्यातलं एकही काम टिपून घ्यायचं सोडू नकोस. दावा तिथूनच उभा राहतो.