धंद्याची गाडी : पासिंग कोणाच्या नावावर?

दुकानासाठी टेंपो घ्यायचे ठरले की घरात दोन गोष्टींवर चर्चा होते. गाडी कोणत्या कंपनीची घ्यायची आणि पैसे कसे उभे करायचे. तिसरा प्रश्न शोरूममध्ये, फॉर्म भरताना, टेबलापलीकडचा मुलगा विचारतो तेव्हाच पुढे येतो, ‘नाव कोणाचे टाकू?’ मग ज्याच्या खिशात त्या वेळी आधार आणि पॅन कार्ड असते त्याचे नाव पडते आणि सगळे पेढे घेऊन घरी येतात.

आमच्या ओळखीच्या एका घाऊक फळ व्यापाऱ्यांच्या घरी असेच घडले. तीन भाऊ, एक गाळा, एक गल्ला. टेंपो थोरल्याच्या नावावर घेतला, पैसे गाळ्याचे होते. पाच वर्षांनी थोरला भाऊ अल्लाहला प्यारा झाला. धाकटे दोघे म्हणाले, टेंपो गाळ्याच्या कमाईतून आला आहे. भावजय म्हणाली, आरसी बुकावर नाव माझ्या मालकाचे आहे आणि माझी मुले लहान आहेत. खोटे कोणीच बोलत नव्हते. पण कागद भावजयीच्या बाजूने होता. टेंपो आठ महिने दारात उभा राहिला, दोन टायर बसले आणि सणाला एकमेकांच्या घरी जाणे थांबले.

व्यापारी बंधूंनो, अशा प्रसंगात कायदा काय म्हणतो ते आधी समजून घेऊ. हिंदू कायद्यात एकत्र कुटुंब, त्याचा कर्ता आणि कुटुंबाची सामाईक मिळकत ही कल्पना आहे. प्राप्तिकर खाते अशा कुटुंबाला वेगळे पॅन कार्डही देते. आपल्या व्यक्तिगत कायद्यात अशी एकत्र मिळकत गृहीत धरली जात नाही. भाऊ एका छताखाली राहतात, एका चुलीवर जेवतात, एका गल्ल्यात पैसे टाकतात, एवढ्यावरून एकाच्या नावावरची वस्तू सर्वांची ठरत नाही. ती सर्वांची आहे असे म्हणणाऱ्याला ते पुराव्याने सिद्ध करावे लागते. मालक वारला की वस्तू त्याच्या वारसांकडे शरियतच्या हिश्शांप्रमाणे जाते. मुलेबाळे असतील तर पत्नीला आठवा हिस्सा, आईवडील हयात असतील तर त्यांना प्रत्येकी सहावा आणि उरलेले मुलामुलींना. मुलगा असेल तर भावांना त्यात काही नाही. देण्याघेण्याचे लिहून ठेवण्याची ताकीद आपल्याला नवी नाही, पण भावाभावांत लिहून घेणे म्हणजे अविश्वास अशी एक समजूत आपल्या बाजारात घर करून बसली आहे.

म्हणून गाडी बुक करण्यापूर्वी आपला धंदा कागदोपत्री नेमका काय आहे ते तपासावे. इथे आमच्याकडे येणाऱ्या दहांपैकी बहुतेक जण एकच उत्तर देतात, ‘गुमास्ता आहे की!’

गुमास्ता परवाना असणे म्हणजे फर्म नोंदलेली असणे नव्हे. गुमास्ता एवढेच सांगतो की अमुक पत्त्यावर अमुक दुकान चालते. २०१७ च्या महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यानंतर तर थोडे कामगार असलेल्या दुकानदाराने ऑनलाइन सूचना द्यायची आणि तिची पावती जपायची, इतकेच उरले आहे. १ जुलै २०२० पासून सुरू झालेले उद्यम प्रमाणपत्र आपला धंदा सूक्ष्म, लघु की मध्यम हे सांगते. ते आधार आणि पॅनवर घरबसल्या फुकट निघते, त्यासाठी कोणाला पैसे मोजू नयेत. जीएसटीचा दाखला कर भरण्यापुरता. हे तिन्ही कागद कामाचे आहेत. बँक ते मागते, धंद्याच्या पत्त्याचा पुरावा म्हणूनही चालतात. पण यांपैकी एकही कागद तीन भावांना भागीदार बनवीत नाही.

आता एकट्याचा धंदा घ्या. दुकानावर ‘अमुक ट्रेडर्स’ अशी पाटी असली तरी कायद्याच्या नजरेत ट्रेडर्स नावाचा वेगळा कोणी माणूस नाही, मालक तोच. अशा धंद्याची गाडी मालकाच्या स्वतःच्या नावावर घ्यावी. तेच सरळ पडते. ती धंद्याच्या हिशोबात मालमत्ता म्हणून दाखवता येते, वापराच्या प्रमाणात तिच्यावर घसाराही मिळतो. आरटीओच्या संगणकात मालकीचा प्रकार विचारणारा एक रकाना असतो, त्यात व्यक्ती, फर्म, कंपनी असे पर्याय असतात. एकट्या मालकाने तिथे ‘व्यक्ती’ असेच आहे ना ते फॉर्म पुढे जाण्यापूर्वी पाहावे. २०२१ पासून व्यक्तीच्या नावावरील गाडीला नॉमिनी लावण्याची सोय झाली आहे, तीही वापरावी. मात्र नॉमिनीमुळे नाव बदलण्याचे काम सोपे होते, वारसांचे हिस्से बदलत नाहीत.

दोन किंवा अधिक माणसांचे पैसे आणि कष्ट असतील तर भागीदारी पत्र करावे. स्टँप पेपरवर पत्र, त्यावर फर्मचे पॅन कार्ड, फर्मच्या नावाचे बँक खाते आणि रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंदणी. १९३२ च्या भागीदारी कायद्याने नोंदणी सक्तीची केलेली नाही, म्हणून लोक ती टाळतात. पण नोंद नसलेल्या फर्मला आपल्या येण्यासाठी गिऱ्हाइकावर दावा लावता येत नाही. शिवाय गाडी फर्मच्या नावावर करायची तर आरटीओ आणि बँक पहिल्यांदा फर्मचा कागद मागणार. सोबत एका भागीदाराला सहीचा अधिकार देणारे, सर्व भागीदारांच्या सह्यांचे पत्र लेटरहेडवर शिक्क्यासह द्यावे लागते.

भागीदारी पत्र लिहिताना एक कलम न विसरता घालावे. एक भागीदार वारला की कायद्याने फर्म विसर्जित होते, पत्रात उलट लिहिले असेल तरच ती पुढे चालते. आणि भागीदार दोघेच असतील तर एकाच्या मृत्यूनंतर भागीदारी उरतच नाही. ती पुढे चालायची तर तिसरा माणूस आधीपासून आत हवा. फर्मच्या गाडीचे काय करायचे, बाहेर पडणाऱ्याला किंवा त्याच्या वारसांना तिची किंमत कोणत्या हिशोबाने द्यायची, हेही दोन ओळींत लिहावे. वकील सहसा छापील मसुदा पुढे करतात, त्यात गाडीचा उल्लेख नसतो.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर स्थापनेचा दाखला, कंपनीचे पॅन, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता आणि संचालक मंडळाचा ठराव लागतो. ठरावात कोणती गाडी घेणार आणि सही कोण करणार हे स्पष्ट असावे. एलएलपीचे कागद थोडेफार असेच. कंपनीच्या नावावर मोटारगाडी घेणाऱ्याने महाराष्ट्रातला कर आधी मोजावा. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर व्यक्तीला एकरकमी कर ११ टक्के आहे, कंपनीला २० टक्के. आठ लाखांच्या गाडीवर ८८ हजार आणि एक लाख साठ हजार असा हा फरक आहे. नुसत्या ‘कंपनी पासिंग’च्या रुबाबासाठी ७२ हजार रुपये जास्त मोजणे आम्हाला तरी शहाणपणाचे वाटत नाही. मालवाहू टेंपोच्या कराचा तक्ता वेगळा आहे. फर्मच्या नावावर मोटार घेणाऱ्यांनीही कोटेशनमध्ये कराचा आकडा लिहून घ्यावा, तोंडी ऐकून बयाणा देऊ नये.

कागद कोणतेही असोत, सर्वांत जास्त फेऱ्या मारायला लावते ते नाव. आपल्याकडे हा त्रास जरा अधिकच. एका कागदावर मोहम्मद, दुसऱ्यावर मोहंमद, तिसऱ्यावर महंमद आणि इंग्रजीत कुठे पूर्ण शब्द तर कुठे नुसते ‘एमडी’. अब्दुल आणि रहमान कुठे जोडून, कुठे तोडून. कुठे वडिलांचे नाव मध्ये, कुठे आडनाव पुढे. माणूस एकच आहे हे आपल्याला कळते, संगणकाला कळत नाही. फर्मच्या नावाचेही तसेच. पाटीवर ‘अँड सन्स’, पॅनवर ‘अँड ब्रदर्स’ आणि जीएसटीत आणखी तिसरे. गाडीचे पैसे भरण्यापूर्वी आधार, पॅन, भागीदारी पत्र, बँक पासबुक आणि जीएसटी दाखला शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवावे. चूक दिसली तर आधी ती सुधारावी. गाडी महिनाभर उशिरा आली तरी चालेल, चुकीच्या नावाची आरसी दुरुस्त करणे फार जड जाते.

व्याजाचे कर्ज नको म्हणून पैसे साठवून गाडी घेणारे आपल्यात पुष्कळ आहेत. चांगली गोष्ट आहे, पण साठवलेले पैसे नोटांच्या बंडलात देऊ नयेत. २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारणे डीलरलाच मना आहे. त्यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे, धंद्याच्या मालमत्तेसाठी एका दिवसात एकाला दहा हजारांवर रोख दिले तर तेवढी रक्कम घसाऱ्यासाठी किंमत म्हणून धरलीच जात नाही. पैसे फर्मच्या खात्यातून चेकने किंवा बँकेतून वळते करावेत. गाडी फर्मच्या पैशातून आली याचा तोच पुरावा होतो. कर्ज काढणाऱ्यांच्या आरसीवर बँकेचा बोजा चढतो. हप्ते फिटले की बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन तो उतरवून घ्यावा. कर्ज फिटून वर्षे झाली तरी आरसीवर बोजा तसाच असलेल्या गाड्या आपल्या गल्लीत किती तरी निघतील.

जीएसटीच्या बाबतीत टेंपो आणि मोटार यांत मोठा फरक आहे. मालवाहू गाडीवर भरलेल्या कराचे क्रेडिट मिळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणजे पाच लाखांच्या टेंपोवर ९० हजार. बिलावर धंद्याचा जीएसटी क्रमांक आणि तेच नाव असेल तरच हे क्रेडिट पदरात पडते. कंपोझिशनमध्ये असणाऱ्यांना ते नाही. माणसे नेणाऱ्या, चालक धरून तेरा आसनांपर्यंतच्या गाडीवर सामान्य व्यापाऱ्याला क्रेडिट मिळत नाही, मग ती कंपनीच्या नावावर असो वा मालकाच्या.

‘मी तर माझाच माल नेतो, भाड्याने देत नाही, मला पिवळी पाटी कशाला?’ हा प्रश्न फर्निचरवाले आणि फॅब्रिकेशनवाले नेहमी विचारतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात माल वाहण्यासाठी बनवलेली गाडी ही मालवाहूच, माल कोणाचाही असो. भरल्या वजनासह तीन हजार किलोपर्यंतच्या छोट्या गाडीला परमिट लागत नाही, पण फिटनेस लागतोच. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी. आणि घरची पांढऱ्या पाटीची मोटार रोज माल पोचवायला वापरली तर तीही त्या वापरापुरती मालवाहू ठरते. अपघात झाल्यावर विमा कंपनी हेच कारण पुढे करते.

विम्याची आणखी एक बाब फार थोड्यांना ठाऊक आहे. स्वतःच्या नावाच्या गाडीवर मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा असतो. गाडी फर्म किंवा कंपनीच्या नावावर गेली की तो मिळत नाही, कारण फर्मकडे ड्रायव्हिंग लायसन्स नसते. मग स्टिअरिंगवर बसलेला भाऊ किंवा पगारी ड्रायव्हर उघडा पडतो. पॉलिसी घेतानाच पगारी चालकाची जोखीम आणि गाडी चालवणाऱ्या भागीदाराचा वैयक्तिक अपघात विमा वेगळा मागून घ्यावा. डीलरकडची पॉलिसी घाईत छापली जाते, त्यात तो असेलच असे नाही.

जुनी गाडी विकताना नाव बदलले की नाही हे विकणाऱ्याने स्वतः पाहावे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले की अपघाताची भरपाई देण्यास नोंदणीवर ज्याचे नाव आहे तोच मालक जबाबदार. त्या गाडीचे पुढे तीनचार हातांत व्यवहार झाले होते, तरी जबाबदारी पहिल्याच माणसावर आली. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून एजंटाच्या हाती देणे म्हणजे नाव बदलणे नव्हे. तसेच पासिंगच्या वेळी मोबाइल क्रमांक धंद्याचा द्यावा, एजंटाचा नव्हे. ओटीपी आणि चलन दोन्ही त्याच क्रमांकावर येतात.

वर सांगितलेल्या घरात अखेर जमातीतील दोन जाणती माणसे आणि एक सीए बसले. टेंपो फॉर्म ३१ भरून भावजयीच्या नावावर झाला आणि मग विकला गेला. धाकट्या दोघांनी गाळ्याचा हिशोब काढून आपला दावा सोडला. आता त्या गाळ्याचे भागीदारी पत्र झाले आहे. थोरल्याचा मुलगा सतरा वर्षांचा असल्याने भागीदार होऊ शकत नव्हता, म्हणून कायद्याप्रमाणे त्याला फक्त नफ्यात घेतले. अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत भागीदार व्हायचे की नाही हे त्याला नोटीस देऊन कळवायचे आहे. नवा टेंपो फर्मच्या नावावर पासिंग झाला, आणि त्याची आरसी घरी आली तेव्हा पहिल्यांदा ती भावजयीने वाचून पाहिली.