पेशंटला आधी बोलू दे

बार्शी

चि. चिऊस,


परवा फोनवर तू म्हणालीस, "मावशी, सकाळच्या ओपीडीत शंभरावर केसपेपर असतात. प्रत्येकाचं ऐकत बसले तर रात्र होईल." तुझी दगदग मला कळते. आरोग्य केंद्रातला दुसरा डॉक्टर रजेवर गेला की काय हाल होतात, हेही मी जाणते. तरी तुझं ते वाक्य मनातून जाईना, म्हणून फोन न करता सविस्तर लिहिते आहे.

आधी वेळेचंच बोलू. १९८४ मध्ये हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल यांनी अमेरिकेत पेशंट आणि डॉक्टर यांच्या ७४ भेटींचं ध्वनिमुद्रण तपासलं. पेशंट बोलू लागल्यावर सरासरी अठराव्या सेकंदाला डॉक्टरांनी त्याला तोडलं होतं. आपलं म्हणणं पुरतं मांडायला मिळालेले पेशंट चारांत एकही भरत नव्हते. मग अडवलंच नाही, तर माणूस बोलतो तरी किती? स्वित्झर्लंडमध्ये बासेलच्या विद्यापीठ रुग्णालयात ३३५ पेशंटांच्या बाबतीत हे मोजलं गेलं आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. सरासरी निघाली ९२ सेकंद. पाचांतले जवळजवळ चार जण दोन मिनिटांच्या आत आपणहून थांबले. आपल्याकडची बाई आपलं दुखणं सांगताना जावेच्या दुखण्यापासून सुरुवात करते, हे मान्य. तिला तीन मिनिटं लागतील असं धर. पण अर्धवट ऐकलेला पेशंट आठ दिवसांत त्याच तक्रारीसाठी परत येतो, आणि ती वेळ कुणीच हिशेबात धरत नाही.

माझ्याकडे एक बाई यायच्या, शेतमजुरी करणाऱ्या. साखरेची गोळी चालू होती. सकाळी दहा-अकराच्या सुमाराला दरदरून घाम सुटायचा, हात थरथरायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची. आधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. एकीकडे अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं, दुसरीकडे ईसीजी काढला. "गोळी वेळेवर घेता ना?" या प्रश्नाला दोन्हीकडे त्यांचं उत्तर होतं, "घेते की." त्यात खोटं काहीच नव्हतं. मी म्हटलं, "सकाळी उठल्यापासून काय काय करता, ते सांगा बरं." आणि पेन खाली ठेवलं. मग पाणी भरणं आलं, शेणघाण आलं, सुनेचं बाळंतपण आलं आणि त्यातच कळलं की गोळी सहाला कोऱ्या चहाबरोबर पोटात जाते, भाकरी मात्र रानात बाराच्या सुट्टीत. संकष्टीला तर चंद्र उगवेपर्यंत काहीच नाही. गोळी ग्लिमेपिराईडची. रिकाम्या पोटी साखर उतरणारच! गोळी भाकरीला जोडून दिली, उपवासाच्या दिवशी काय करायचं ते ठरवलं, आणि घाम थांबला. तपासणी एकही वाढवावी लागली नाही.

यातलं लक्षात ठेवायचं ते एवढंच, की 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर मागणारा प्रश्न आधी विचारू नकोस. त्यावर पेशंट डॉक्टरला बरं वाटेल तेच सांगतो. दिवस सांगायला लाव. आणि शेवटी औषध समजावल्यावर "कळलं का?" असंही विचारू नकोस. "आता घरी गेल्यावर ही गोळी कशी घेणार, ते मला सांगा," असं म्हण. निम्मे घोटाळे तिथेच सापडतील.

ऐकण्याची ही रीत नवी नाही. १९५७ मध्ये शिकागोत कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फारसन यांनी 'ॲक्टिव्ह लिसनिंग' ही छोटी पुस्तिका लिहिली. समोरच्याच्या बोलण्यातला आशय आणि त्यामागची भावना, दोन्ही ऐकायच्या आणि आपल्याला काय कळलं ते त्याला बोलून दाखवायचं, हा तिचा गाभा. तुमच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून एटकॉम, म्हणजे वृत्ती, नीती आणि संवाद यांचं शिक्षण, आलं, त्यात हे सगळं होऊनही गेलं असेल. परीक्षेत ते चार मार्कांचं असतं. ओपीडीत ते निदान बदलतं. कसं ते सांगते. "म्हणजे जेवल्यावर पोटात आग पडते, असंच ना?" असं तू त्याचंच बोलणं त्याला परत ऐकवलंस की तो म्हणतो, "न्हाई, जेवल्यावर बरं वाटतंय, पहाटं रिकाम्या पोटी आग पडती." आता तुझ्या डोक्यातला अल्सर जठरातून सरकून ड्युओडेनममध्ये गेला की नाही? तपासण्या पुढच्या, पण दिशा त्या एका दुरुस्तीनं मिळाली.

म्हणूनच तक्रार आधी त्याच्याच शब्दांत लिही. 'छातीत धडधडतंय' ऐकून लगेच 'पॅल्पिटेशन' लिहिलं की आपले कान तिथेच मिटतात. "धडधड म्हणजे कशी?" हा प्रश्न मग सुचतच नाही. कुणाला धाप लागलेली असते, कुणाला घरी पैसे मागायला येणाऱ्या सावकाराची धास्ती असते.

खरी तक्रार बहुधा शेवटी येते. केसपेपर घेऊन बाई दारापर्यंत जाते, वळते आणि म्हणते, "आन् एक इचारायचं हुतं..." त्या वेळी पुढच्या पेशंटचं नाव पुकारू नकोस. गर्भपिशवीची तक्रार, नवऱ्याचं दारू पिऊन मारणं, पोराचं न बोलणं, हे सगळं मी त्या उंबऱ्यावरच ऐकलं आहे. तिला दारापर्यंत जाऊ न देता आधीच विचारता आलं तर उत्तम: "आणखी काही आहे का?" आणि हे विचारताना मान वर करून तिच्याकडे बघ. विचारून झाल्यावर गप्प बस. ही शांतता पहिल्यांदा फार जड जाते, हात आपोआप प्रिस्क्रिप्शनकडे जातो. जाऊ देऊ नकोस.

सून आजारी आणि बोलते सासू, असं तुझ्याकडे रोज होत असेल. अशा वेळी वाद घालू नये. सिस्टरना सांगून सासूबाईंचा बीपी बाहेर मोजायला लाव. त्यांचाही मान राहतो आणि सुनेला पाच मिनिटं मिळतात.

तुझ्याकडे भाषेची अडचण मोठी आहे. माडिया किंवा गोंडी बोलणारी बाई मिनिटभर बोलते आणि आशाताई तुला सांगते, "पोट दुखतंय म्हणते." मिनिटभराचं बोलणं तीन शब्दांत मावत नाही, हे उघड आहे. आशाताईला गोडीत म्हण, "ती बोलली ते सगळं सांग, काही गाळू नकोस." आणि त्या वेळी नजर आशाताईवर नाही, त्या बाईवर ठेव. तिचा हात कुठे जातो, कुठल्या शब्दाला आवाज खाली येतो, हे भाषा न कळताही दिसतं. दुखणं, ताप, जुलाब, बाळ यांचे माडिया शब्द मात्र या महिन्यातच शिकून घे.

एक अपवाद सांगायला हवा. साप चावलेला माणूस आला, झटके येणारं मूल आलं, बाळंतीण रक्तस्रावानं पांढरीफटक पडली, तर तिथे आधी हात चालले पाहिजेत. ते तुला चांगलं येतं, त्याची मला काळजी नाही.

नुसतं ऐकल्यानं काय होतं, ते तुझ्याच जिल्ह्यात, गडचिरोलीत दिसतं; तिथे डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग १९८६ पासून काम करत आहेत. खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच त्या काळी सरकारी कागदांवर दिसे. त्यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची पाहणी केली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाची एक ना एक व्याधी निघाली. पाहणीतल्या जेमतेम ८ टक्के बायकांची पूर्वी कधी तशी तपासणी झाली होती. १९८९ मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि जगानं दखल घेतली. ही दुखणी तोवर लपलेली नव्हती, बायका आपसांत बोलतच होत्या. विचारायला आणि ऐकायला कुणी बसलं नव्हतं. राणीताईंनी पुढे बायकांच्या या बोलण्यातूनच 'कानोसा' हे पुस्तक लिहिलं. दवाखाना बांधतानाही त्यांनी आदिवासींनाच विचारलं. मोठ्या इमारतीची आणि पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत, असं लोकांनी सांगितलं. म्हणून शोधग्राम या त्यांच्या वसाहतीतला दवाखाना झोपड्यांसारखा, नातलगांना राहता येईल असा झाला आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं.

तुला रविवारची सुट्टी मिळेल तेव्हा शोधग्रामला जाऊन ये. तिथली ओपीडी बघ. आणि येत्या सोमवारपासून एवढं कर: प्रत्येक नव्या पेशंटला पहिली दोन मिनिटं मध्ये न बोलता बोलू दे. महिनाभर करून बघ आणि काय दिसलं ते मला लिही. फोनवर नको, पत्रानं लिही, मला सावकाश वाचायचं आहे.

तुझी,
मावशी