बदकांचीं पिलें बाहेर केव्हां सोडावीं?

रायगडाच्या पायथ्याशीं हिरकणीवाडीसारख्या गांवीं आषाढांत पाऊस दिवसचे दिवस उघडीप देत नाहीं. बदक हा पाण्यांतला पक्षी खरा. परंतु आईवांचून वाढणाऱ्या पिलाची कोवळी लव पाणी धरते व तें गारठून मरतें. यास्तव पहिले ४ आठवडे पिलें घरांतच ठेवावीं, असें आमचें सांगणें आहे.

प्रथम सप्ताहांत ऊब सुमारें ३२ अंश सेल्सिअस असावी. पुढें ती दर आठवड्यास ३ अंशांनीं उतरवावी. पिलें दिव्याखालीं दाटीनें बसल्यास थंडी, दूर जाऊन धापा टाकूं लागल्यास उष्मा अधिक, असें समजावें. खालीं कोरडा पेंढा अंथरावा व ओला झालेला रोज काढावा. पाण्याचें भांडें उथळ, तथापि नाकपुड्यांसह चोंच बुडेल इतकें असावें. बुरसलेली भुईमुगाची पेंड कदापि देऊं नये. तींतील अफ्लाटॉक्सिन हें विष बदकांस कोंबड्यांहून लवकर मारतें.

पेकिन जातीचें पिलूं ७-८ आठवड्यांत अडीच किलोंपर्यंत वाढतें. म्हणून जागाही दर आठवड्यास वाढवावी. पोटावर व पाठीवर पिसें भरलीं म्हणजे उघडीप पाहून प्रथम तासभरच बाहेर सोडावें. रात्रीं मात्र मुंगुसाच्या व कोल्ह्याच्या भयास्तव खुराडें बंद करण्यास शेतकरी बंधूंनीं चुकूं नये.