सबफॉर्मचा फिल्टर दुरुस्त करताना

पतसंस्था, दवाखाने, छोटे कारखाने, पुष्कळ ठिकाणचा हिशेब आजही मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसवर चालतो. वर मुख्य फॉर्ममध्ये सभासद, खाली सबफॉर्ममध्ये त्याचे हप्ते. कोड लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो. अशा सबफॉर्मचे फिल्टर दुरुस्त करता करता जे हाती लागले, ते हे.

१. आधी नाव बघा. मुख्य फॉर्मवर असते ती नुसती चौकट. खरा फॉर्म तिच्या आत. दोघांची नावे बऱ्याचदा वेगळी असतात. कोडमध्ये चौकटीचे नाव लागते, मग तिच्यातला फॉर्म, मग फिल्टर. उघड्या फॉर्मांच्या यादीत सबफॉर्म शोधायला गेलात, तर २४५० क्रमांकाची एरर ठरलेली.

२. एरर देणारा फिल्टर परवडला. मुकाट्याने चुकीच्या नोंदी दाखवणारा घातक. तारखेचे असेच होते. आपल्या संगणकावर ०५/०४/२०२४ म्हणजे ५ एप्रिल. फिल्टरमध्ये हॅश चिन्हांत हीच तारीख घातली की ॲक्सेस ती अमेरिकन पद्धतीने ४ मे अशी वाचतो. २५/०४ मात्र बरोबर वाचतो, कारण पंचविसावा महिनाच नसतो. म्हणजे १३ तारखेपासून पुढे सगळे सुरळीत, आणि घोळ फक्त महिन्याच्या पहिल्या १२ दिवसांत. नेमके तेव्हाच लोक हप्ते भरतात! भरलेला हप्ता यादीत दिसत नाही आणि प्रामाणिक माणसाला काउंटरवर चारचौघांत थकबाकीदार ठरवले जाते. याचा मला फार राग येतो. तारीख फॉरमॅट फंक्शनने वर्ष-महिना-दिवस अशीच द्या.

३. वसई-गोव्याकडची आडनावे तपासून पाहा. डिसोझा रोमन लिपीत लिहिताना ‘डी’नंतर अपॉस्ट्रॉफी येते. एकेरी अवतरणात हे नाव घातले की मजकूर तिथेच संपला असे ॲक्सेस धरून चालतो. रिप्लेस वापरून ते चिन्ह दुहेरी करा.

४. देवनागरी नाव कोडमध्ये लिहू नका. टेबलात ‘सातारा’ व्यवस्थित राहते, व्हीबीएच्या एडिटरमध्ये त्याची प्रश्नचिन्हे होतात. कॉम्बो बॉक्समधून गावाचा क्रमांक घ्या, त्यावर फिल्टर लावा.

५. सबफॉर्म मुख्य फॉर्मच्या आधी लोड होतो. त्याच्या लोडमध्ये मुख्य फॉर्मवरच्या मूल्यांवर विसंबू नका.

६. अंदाज बांधण्याआधी फिल्टरचा तयार मजकूर डीबग-प्रिंटने इमिजिएट विंडोत काढून वाचा. तोच क्वेरीच्या व्हेअरमध्ये चिकटवा. तिथे नोंदी बरोबर आल्या, तर फिल्टर सोडा आणि मास्टर-चाइल्ड लिंक तपासा.