पिशवीत मान घालावी लागू नये म्हणून

पोहायला जाताना काय काय न्यायचं असं कुणी विचारलं, की मी आधी उलट विचारते, काठावर कोण बसणार आहे? पिशवी त्या माणसासाठी भरायची असते. पाण्यात उतरणाऱ्याला कॉस्च्युम, टोपी आणि गॉगल एवढंच लागतं. बाकीचं सगळं पाण्यातून बाहेर आल्यावरचं, आणि घोळ नेमका तिथेच होतो. ओली पोरं समोर कुडकुडत उभी, एकाला शू लागलेली, दुसऱ्याचा गॉगल पाण्यातच राहिलेला, आणि आपण पिशवीत कोपरापर्यंत हात घालून चड्डी शोधतोय. तेवढा वेळ पाण्याकडे कुणाचंच लक्ष नसतं.

पुण्यात आमच्या भागातल्या तलावावर रविवारी सकाळी फॅमिली बॅच असते. एप्रिल-मे महिन्यांत उथळ बाजूला पाय ठेवायला जागा नसते. अशाच एका रविवारी मी पायरीवर बसले होते. शेजारी काठावर एक ताई पिशवीतून डबा काढत होत्या आणि त्यांचा चारेक वर्षांचा मुलगा कमरेला हवेची ट्यूब घालून पाण्यात डुंबत होता. ट्यूब उलटली. आरडाओरडा नाही, फारसं पाणीही उडालं नाही. नुसते दोन पाय वर दिसले आणि डोकं खाली. मी हाताच्या अंतरावर होते म्हणून ओढून सरळ केलं. ताईंनी डब्याचं झाकण लावून वर बघेपर्यंत पोरगं माझ्या मांडीवर बसून खोकत होतं. त्या काही फोनवर बोलत नव्हत्या की गप्पा हाणत नव्हत्या. पोराला भूक लागेल म्हणून डबाच काढत होत्या.

सिनेमातला बुडणारा माणूस ‘वाचवा, वाचवा’ ओरडतो. खरं बुडणं बहुतेक वेळा मुकाट असतं. तोंड वरखाली होत असतं, श्वास घ्यायलाच फुरसत नसते, मग ओरडणार कुठून? हातही मदतीला बोलावत नाहीत, ते पाणी खाली दाबण्यात गुंतलेले असतात. म्हणून ट्यूब आणि दंडावरचे फुगे यांना मी सामानातलं खेळणं समजते, सुरक्षेचं साधन नाही. हवा गळते, फुगा दंडावरून सरकतो, ट्यूब उलटते. आजोळी विहिरीत पाठीला पत्र्याचा डबा बांधून मामानं आम्हाला पोहायला शिकवलं, तेव्हा सामान म्हणजे एक पंचा. पण मामा स्वतः पाण्यात असायचा. लहान मूल पाण्यात असेल तर मोठं माणूस हात पोचेल इतकं जवळ हवं, मग अंगावर काहीही बांधलेलं असो.

त्या रविवारनंतर आमच्या घरची एकच भलीमोठी पिशवी बंद झाली. आता प्रत्येकाची वेगळी, आणि ज्याची त्यानं उचलायची. सात-आठ वर्षांचं मूल आपली पिशवी आपण भरू शकतं. पहिल्या दोन-तीन वेळा चड्डी विसरेल, मग विसरत नाही. भरताना उलटा विचार करायचा. घरी जाताना घालायचे कपडे तळाला, बाहेर आल्या आल्या लागणारा पंचा सगळ्यात वर. पंचाच म्हणतेय मी. सोलापूरचे जाडजूड टर्किश टॉवेल घरच्या न्हाणीघरात छान, पण तलावावर एकदा भिजले की वाळत नाहीत आणि येताना दगडासारखे जड होतात. माणशी दोन पंचे घ्या, एक अंगाला, एक डोक्याला. अगदी लहानग्यासाठी बाबांचा जुना, पुढून बटणांचा शर्ट न्यावा. ओल्या अंगावरही चढतो, गुडघ्यापर्यंत पोचतो, आणि बाकीचं सावकाश करता येतं.

कपड्यांबद्दल दुकानात जायच्या आधी तलावावर विचारून घ्या. बहुतेक तलावांवर नायलॉन किंवा लायक्राचा कॉस्च्युम आणि टोपी सक्तीची असते. आम्हाला पहिल्या दिवशी गेटवरूनच परत फिरावं लागलं होतं, कारण मोठ्या मुलाच्या अंगात सुती टी-शर्ट होता. तेव्हा राग आला, पण नियमाला कारण आहे. सुती कापड पाणी पिऊन जड होतं, त्याचे धागे सुटून फिल्टरमध्ये जातात, आणि रंगही जातो. टोपीही केसांमुळे फिल्टर तुंबू नये म्हणूनच. महापालिकेच्या तलावांवर बऱ्याच ठिकाणी फोटो आणि डॉक्टरचा दाखला मागतात, तोही आदल्या दिवशीच पिशवीत टाकावा. रंगाबद्दल मात्र कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. मुलांना निळा किंवा पांढरा कॉस्च्युम घेऊ नका. निळ्या फरशीच्या तलावात तो पाण्याखाली दिसत नाही. भडक नारिंगी, पोपटी, गुलाबी, काय डोळ्यांना खुपेल ते घ्या.

आणि नाडी! मुलग्यांच्या पोहायच्या चड्डीला शोभेची म्हणून जी नाडी असते, ती भिजली की गाठ अशी आवळते की नखं तुटतात पण सुटत नाही. त्यात मुलाला शू लागलेली. ओल्या गारठलेल्या बोटांनी, एका पायावर नाचणाऱ्या मुलाची गाठ सोडवून बघा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. मी ती नाडी ओढून काढते आणि आत चांगलं इलॅस्टिक घालते. शिंपी दहा मिनिटांत करून देतो.

गॉगल घेताना पट्टा न लावता नुसता डोळ्यांवर दाबून बघावा. क्षणभर चिकटून राहिला तर मापाचा, लगेच पडला तर पाणी शिरणारच. मग पट्टा कितीही आवळा, कपाळावर वळ उठतील, बाकी काही नाही. काचा आतून बोटानं पुसायच्या नाहीत, वाफ धरू नये म्हणून दिलेला थर निघून जातो. रबरी टोपी केस ओढते, तिला आतून जराशी पावडर लावून ठेवा.

तलावावर गेल्यावर डोळ्यांना झोंबणारा जो वास येतो, त्याला आपण क्लोरीन जास्त झालं म्हणतो. खरं तर घाम, तेल आणि मूत्र यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात, त्यांचा तो वास. म्हणजे आधी अंघोळ न करता उतरणाऱ्यांची ती देणगी. घरून अंघोळ करून निघालात तरी शॉवरखाली उभं राहा, मुलांना आधी शू करायला पाठवा, आणि रविवार म्हणून डोक्याला तेल चोपडायचं असेल तर ते संध्याकाळपर्यंत थांबवा. उन्हाचं मलम मात्र निघण्याआधी वीस मिनिटं लावावं, पाण्यात टिकणारं. तलावावर पोचून लावलं तर निम्मं पाण्यात जातं. दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं, म्हणून मी मुलांना पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टॉप घालते. मलमाची बाटली नुसत्या तोंडापुरती आणि पायांपुरती. अकराच्या आत घरी परत, हा आमच्याकडे नियमच आहे.

जुलाब होत असतील त्या मुलाला नेऊ नये, आणि थांबल्यावरही काही दिवस नेऊ नये. एवढी फी भरलीय, बॅच बुडेल, हे मी समजू शकते. पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी क्लोरीनच्या पाण्यातही कितीतरी दिवस जिवंत राहतो, आणि पोरं पाणी गिळतातच. पोहायचे डायपर मिळतात, त्यांनी मोठा घोटाळा टळतो, जंतू अडत नाहीत.

खाण्याबद्दल मतभेद होतील. पोटभर जेवून पाण्यात उतरलं की पोटात गोळा येऊन माणूस बुडतो, असं आमची आजी सांगायची; तेवढं भय बाळगायचं कारण नाही, पण भरल्या पोटी उड्या मारणारं पोर ओकतं, आणि मग सगळ्यांना पाण्याबाहेर काढतात. जाताना एखादं केळं पुरे. खरी भूक बाहेर आल्यावर लागते आणि ती राक्षसी असते. तेव्हा तळलेल्या पदार्थांच्या पुड्या नकोत. राजगिऱ्याचे लाडू, दशम्या, गूळ-शेंगदाणे, काकडी, असं काहीतरी, जे ओल्या हातानं खाता येतं आणि सांडत नाही. प्रत्येकाच्या पिशवीत ज्याचा त्याचा छोटा डबा, म्हणजे वाटावाटीत डोकं घालायला नको. पाण्यात असताना घाम आलेला कळत नाही, म्हणून प्यायचं पाणी किंवा कोकम सरबत भरपूर हवं, पण काचेच्या बाटलीत अजिबात नाही. फुटलेली काच ओल्या फरशीवर दिसत नाही.

अंगठ्या घरी. गार पाण्यात बोटं आक्रसतात आणि अंगठी कधी निसटली ते कळत नाही. मंगळसूत्रही काढूनच ठेवलेलं बरं, मुलं गळ्याला लोंबकळतात. ओल्या बोटाला फोन दाद देत नाही, म्हणून सुट्टे पैसे जवळ असू द्या. कान कोरायच्या काड्या मात्र मुद्दाम घेऊ नका. कानात पाणी गेलं तर मान वाकवून कानाची पाळी हलवायची, पंच्याच्या टोकानं बाहेरून टिपायचं. काडीनं आतली त्वचा खरचटते आणि ओलसर कानात मग सूज धरते.

येताना ओल्या कपड्यांसाठी तांदळाची रिकामी प्लास्टिकची पिशवी उत्तम, जाड असते आणि गळत नाही. घरी पोचल्या पोचल्या मात्र ती उघडा. कॉस्च्युम साध्या पाण्यातून काढून, न पिळता सावलीत वाळत घाला. क्लोरीननं लायक्रा झिजते, मशीन आणि ऊन उरलंसुरलं काम करतात.

एवढी तयारी करूनही काठावर एक माणूस मोकळ्या हातांनी बसायलाच हवा. जीवरक्षक असतो, पण एकट्याला सगळ्या तलावावर नजर ठेवायची असते. आपल्या पोरांवर आपली नजर. पंधरा-वीस मिनिटांच्या पाळ्या लावा, आई, बाबा, आत्या, जो कोणी मोठा असेल तो. पाळीवर असलेल्यानं फोन, डबा, पिशवी कशालाही हात लावायचा नाही. पाळी संपली की त्यानंही पाण्यात उतरावं. बहुतेक घरांत पिशवी भरणारी बाई स्वतःचाच कॉस्च्युम घ्यायला विसरते, तेव्हा निघण्याआधी तो आत आहे ना, एवढं बघून घ्या.