आजचा सल्ला: गुलबक्षी बियांपासून, अंगणापुरतीच



गुलबक्षीला एवढा गोड वास, मग निशिगंधासारखा प्लॉट का करू नये? कारण फूल दुपारी 4-5 नंतर उमलतं, रात्रभर दरवळतं आणि सकाळी ऊन चढलं की मिटतं. बाजार गाठेपर्यंत ते टिकत नाही. म्हणून एकरावर नको. अंगणात, घरच्या वेणीपुरती लावा.

1) बी रात्रभर पाण्यात भिजवा.
2) जागा उन्हाची, पाणी न साचणारी हवी. जून-जुलैत 1 ते 1.5 सेंमी खोल टोका. दोन झाडांत 45 सेंमी अंतर ठेवा.
3) उगवण 1 ते 2 आठवड्यांत होते. युरिया टाकू नका, नुसता पाला माजतो.
4) काळं झालेलं बी आपोआप गळतं. ते वेचून सावलीत वाळवा, पुढच्या वर्षी विकत घ्यावं लागणार नाही.

⚠️ महत्त्वाचं: बी हुबेहूब काळ्या मिरीसारखं दिसतं, पण बी आणि मूळ दोन्ही विषारी आहेत. पोटात गेल्यास उलट्या, जुलाब होतात. स्वयंपाकघरात ठेवू नका, डबीवर नाव लिहा, लहान मुलांपासून लांब ठेवा. कुणी खाल्लंच तर लगेच दवाखान्यात न्या, बी सोबत घ्या.

हा मेसेज घरातल्या महिलांनाही वाचून दाखवा.