किशोरवयाला हवा विश्वासाचा आधार

१० ते १९ या किशोरवयात ‘मी कोण?’ हा प्रश्न मुलामुलींच्या मनात उभा राहतो. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५० साली स्वत्वाचा हा शोध वाढीचा आवश्यक टप्पा मानला. दहावीत अनुत्तीर्ण झालेला मुलगा घरात बोलेनासा होतो, तेव्हा तो हट्टच असतो असे नाही. ‘आता मी कोणाला हवा आहे?’ अशी ती मूक विचारणाही असू शकते.

२०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमान्वये शासकीय रुग्णालयांत समुपदेशनाची सोय करण्यात आली आहे. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावरही विनामूल्य सल्ला मिळतो. शिक्षक व पंचायत सदस्यांनी ही माहिती घरोघरी पोचवावी. परंतु त्याआधी मुलांचे म्हणणे न रागावता ऐकून घ्यावे. एका तरी वडीलधाऱ्या माणसाचा विश्वास लाभला, तर खचलेले मूल सावरू शकते.